कपाटात संपलेली वॉरंटी

घशाच्या डॉक्टरांनी मला महिनाभर बोलायला बंदी केली. "आवाज वाचवायचा असेल तर एक शब्द नाही." दुखण्याचं मूळ म्हणजे आमचे हे. ह्यांना ऐकू कमी येतं. सकाळी ओरडा, दुपारी ओरडा, दिवेलागणीला ओरडून ओरडून घशाचं फडकं झालेलं.

कानाचं यंत्र घेतलं होतं की! पण ह्यांनी ते जपलं. कपाटात रुमाल, रुमालात डबी, डबीत कापूस, कापसात यंत्र. "रोज घातलं तर झिजेल." तेरा महिन्यांनी, माझ्या घशापायी, ते बाहेर आलं. कानात घातलं तर नुसती खरखर.

"कपाटात जपून ठेवलं होतं," म्हणत ह्यांनी ते दुकानदारापुढे ठेवलं. त्यानं ते उघडलं, भिंगातून पाहिलं, पावती पाहिली.

"वॉरंटी संपली, आजोबा. नवीन घ्या."

"काय म्हणता?"

"वॉरंटी संपली!"

"जरा मोठ्यानं."

"संपली! संपली!" अख्खं दुकान वळून बघायला लागलं. "आजी, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना!"

मी घशाकडे बोट दाखवून हात जोडले. घे बाबा, तूही घे थोडा अनुभव.

"कपाटात कशाला ठेवलंत पण?" त्यानं ह्यांना विचारलं. हा प्रश्न माझा होता, तोही मेल्यानं पळवला.

"ऐकू येत नाही हो," हे शांतपणे म्हणाले. "लिहून द्या."

त्यानं वैतागून कागद ओढला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'आतली तार कारखान्यातूनच सुटी आली आहे. यंत्र वापरलेलंही नाही. पण वॉरंटी संपली. आम्ही काही करू शकत नाही.'

हे चष्मा लावून वाचायच्या आत मी कागद घेतला. त्याच्याच पेनानं खाली लिहिलं, 'वॉरंटी संपली म्हणून कारखान्याची चूक माझी होत नाही. इथे सही, तारीख, शिक्का द्या. ग्राहक न्यायालयातल्या तक्रारीला हा कागद जोडायचा आहे.'

वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. "आजी, इतकं कशाला? द्या तो कागद इकडे."

मी तो पर्समध्ये टाकून चेन ओढली आणि फोनकडे बोट केलं.

कंपनीशी तो बराच वेळ हळू आवाजात बोलला. मग दुसऱ्या कागदावर लिहिलं, सही केली, शिक्का मारला. पहिला कागद त्यानं पुन्हा मागितला. मी दिला नाही.

"काय ठरलं गं?" रस्त्यावर ह्यांनी विचारलं.

मी दुसरा कागद ह्यांच्या हाती दिला आणि चालू लागले.

"आठ दिवसांत! नवीन यंत्र! एक पैसा न घेता!" हे मागून वाचत येत होते, एवढ्या मोठ्यानं, की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.