दारावरची इंदू

खडकवस्तीत माणसं राहतच नाहीत, असं सुहास साहेबांनी पंचायतीच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. साहेब नळयोजनेचे इंजिनिअर. जानेवारीत पाहणीला आले, दारांना कुलपं दिसली, गाडीतून न उतरता परत गेले. जानेवारीत कुलपंच दिसणार! दिवाळी सरली की आमची वस्ती ऊसतोडीला जाते, ती उन्हाळ्यात परतते. आमच्या तिसगावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण साहेबांनी कुणाला विचारलं नाही. नळाचा पाइप वस्तीअलीकडच्या देवळापाशीच थांबणार होता आणि आमच्या बाया जन्मभर ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून हंडे वाहणार होत्या.

"मार्चमधी फेरपाहणी हाय," सरपंच मच्छिंद्रअण्णा म्हणाले. "तवा कोन दिसलं तर बघू."

"मार्चमध्ये कोण दिसणार, अण्णा? कारखाना बंद झाल्याशिवाय मुकादम सोडतो का कुणाला?" मी विचारलं.

"मंग मी काय करू?" अण्णांनी हात झटकले.

मी नागापूरच्या एमआयडीसीत कंपन्यांच्या पाट्या रंगवते. हेल्मेट घातलेला, उगाच हसणारा कामगार दिसला तर तो बहुतेक माझाच. रविवारी वस्तीवर येते, लोकांचे अर्ज भरते, भांडणं अंगावर घेते. कॉलेजातले मित्र विचारतात, तू नक्की चित्रकार की कार्यकर्ती? मला या प्रश्नाचाच संताप येतो. हात तेच आहेत माझे. ब्रश धरतात आणि अर्जही लिहितात.

त्या रविवारी मी अर्ज लिहिला नाही. रंगाचे डबे आणले आणि प्रत्येक बंद दारावर त्या घरातली माणसं काढायला घेतली, चांगली पुरुषभर उंचीची. खाली एकच ओळ: 'आम्ही इथं राहतो. ऊस तोडायला गेलोय.' फोटो मागवायला फडावर फोन केले. माझी वहिनी इंदू म्हणाली, "निके, हातात कोयता नको काढू. लग्नातली साडी काढ. अन् मला जरा हसती काढ." सगळ्यांचं तेच. कुणाला खुर्ची हवी होती, कुणाला गॉगल. कोयता एकालाही नको होता. मीही काढला नाही. मार्च उजाडेपर्यंत वस्ती दारादारांतून हसायला लागली.

फेरपाहणीला साहेब या वेळी गाडीतून उतरले. "अप्रतिम!" म्हणाले. सगळ्या दारांचे फोटो काढले. नळाचं विचारलं तर, "वर बोलून बघतो." मग पेपरात फोटो आले, नगरहून गाड्या भरून लोक सेल्फी काढायला येऊ लागले. वस्तीचा रस्ता रातोरात मुरूम टाकून झाला. पाणी तेवढं आलं नाही.

माणसं परतली आणि चौथ्या दिवशी अण्णा दारात हजर. "सुंदर गाव स्पर्धेची कमिटी यायलीय. दुपारपस्तोर दारं बंद ठेवा. दार उघडलं की चित्र दिसत न्हाई. तुमी तवर देवळापाशी बसा."

मला वाटलं, आता कुणीतरी चप्पल काढेल. पण आमची माणसं! वर्षानुवर्षं मुकादम सांगेल तिथं बसायची सवय. कुलपं लावून मुकाट निघाली. मी ओरडले, "स्वतःच्या घराबाहेर बसता? लाज वाटत नाही?"

"एका दुपारचं तर हाय," वहिनी म्हणाली. मला तिचाही राग आला, आणि त्या दारांवर रंग लावणाऱ्या माझ्या हातांचाही.

कमिटी आली. पुढं परीक्षक बाई, मागं साहेब आणि अण्णा. बाईंना सगळंच आवडत होतं. ऊन चढलं तशी देवळापाशी पोरं पाण्यासाठी रडायला लागली. वहिनी उठली, सरळ आपल्या दाराकडं निघाली आणि कुलपाला किल्ली लावली.

"अहो, बाजूला व्हा ना," परीक्षक बाई म्हणाल्या. "फोटोत येताय."

वहिनी वळली. "मीच हाय ती."

बाईंनी दारावर पाहिलं, मग तिच्याकडं. उन्हानं रापलेला चेहरा, पाचटानं चिरलेले हात. "अय्या, खरंच की! मग छानच. दाराला टेकून उभ्या राहा. अशाच हसा बघू, चित्रातल्यासारखं."

मी पुढं झाले, पण वहिनीनं मला हातानं मागं सारलं. ती आत गेली, रिकामा हंडा घेऊन आली आणि तो साहेबांच्या हातात दिला.

"एवढा भरून आना, साहेब. इहीर ओढ्याच्या पल्याड हाय. तुमी येस्तोवर मी हितंच हसत उभी ऱ्हाते."

साहेबांनी हंडा अण्णांपुढं केला, अण्णांनी हात पाठीमागं घेतले. देवळापाशी बसलेल्या बाया एकेक करून उठल्या, आपापली कुलपं उघडून आत गेल्या आणि हंडे घेऊन साहेबांसमोर रांगेत उभ्या राहिल्या.

मी साहेबांना वाट दाखवली. "बाभळीच्या डावीकडनं खाली उतरा. काटे आहेत, जपून. आणि पोरं तहानलीत, जरा पाय उचला."