फ्लेक्सवर छापलेलं खरं युद्ध

रविवार, दुपारचे चार. स्थळ अणदूर, विठाबाईंच्या पिठाच्या गिरणीला लागून असलेला दानियालचा गेम झोन. स्पर्धेच्या अंतिम सामन्याची दुसरी फेरी चालू असताना लाईट गेली.

मी त्या वेळी मेहनाजच्या हातात होतो. मी रिमोट बोलतोय. टीव्हीचा नव्हे, तो दिवसभर गादीवर लोळतो. मी गेमचा रिमोट, दोन मुठींचा, पाठीवर पांढऱ्या रंगानं १ लिहिलेला. झाल्या प्रकारावर गावात भरपूर बोलून झालंय. मला मात्र कुणी विचारलं नाही, म्हणून आता मीच बोलतो.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही, आणि आठवतं म्हणून थापा मारणार नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट दानियालच्या काउंटरवर. माझ्या पोटात दोन मोटरी आहेत. पडद्यावर गोळी सुटली की त्या फिरतात आणि मी थरथरतो. थरथर ओळखणं हाच माझा धंदा.

शेजारची गिरणी सुरू झाली की भिंत, टेबल, बाक आणि मी, सगळेच हलतो. नवखं पोरगं हमखास विचारतं, "दानियालभाई, गेम चालू केला न्हाय तरी रिमोट कसं काय हालतंय?"

"विठाबाईची जवारी चाललीय," दानियाल म्हणतो. "त्याचे पैसे लावत न्हाय मी."

माणसांबद्दल एक गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात शिकलो. जिंकलं की हात त्यांचा असतो. हरलं की रिमोट खराब असतो.

आमच्याकडचा सगळ्यात चालणारा खेळ युद्धाचा. तो दोन तऱ्हांनी खेळता येतो. एक आर्केड. त्यात धावत सुटायचं, उड्या मारायच्या, गोळ्यांचा पाऊस पाडायचा. लागलीच एखादी गोळी, तर भिंतीमागं घटकाभर दम खायचा, जखम आपोआप भरते. आपल्याच माणसाला गोळी घातली तरी त्याला काही होत नाही. दुसरी तऱ्हा रिअलिझम. त्यात एका गोळीत खेळ खलास. बंदुकीत किती गोळ्या उरल्या ते आपण ध्यानात ठेवायचं, आणि आपल्याच गोळीनं आपला माणूसही मरतो. आर्केडमध्ये मी सारखा थरथरतो. रिअलिझममध्ये तासनतास गप्प असतो, आणि हलतो तेव्हा कुणीतरी गेलेलं असतं.

यावरून दुकानात रोज भांडणं. शेवटी दानियालनं खंडोबाचा न्याय लावला. आमच्याकडं खंडोबाची मूर्ती एकच आहे, ती ठरल्याप्रमाणं कधी अणदूरला राहते, कधी नळदुर्गला. "देवाला जमतंय, मंग तुमाला काय धाड भरलीय?" असं म्हणून त्यानं एक दिवस रिअलिझम, एक दिवस आर्केड ठरवून टाकलं.

रिअलिझमच्या दिवशी मेहनाज यायची. हायवेला टायर पंक्चर काढणाऱ्या इरशादची मुलगी, कॉम्प्युटरची पदवी झालेली. गुडघ्यावर कोपर टेकून, ओठ मुडपून बसायची. आर्केडच्या दिवशी यायचे महारुद्र हवालदार. हे फौजेतून निवृत्त झालेले. सगळ्यांना वाटलं होतं उलटं असेल.

"काका, तुम्ही खरे फौजी," मेहनाज एकदा म्हणाली, "आन् हे माकडउड्यांचं खेळताव?"

"अगं पोरी, खऱ्यात काय आसतंय? बूट भिजल्याले, पाठीवर वझं, आन् समूर दिवसदिवस काहीच न्हाय. ते खेळाय पैसे कोण देईल?"

"पण ह्याच्यात गोळी लागल्याला माणूस भिंतीमागं बसून बरा होतो. काहीबी."

"मंग चांगलंच हाय की," हवालदार म्हणाले. "आमच्याकडं तसली भिंत नव्हती."

त्यानंतर ती त्या विषयावर त्यांच्याशी वाद घालत नसे. पण रिअलिझम तिनं सोडला नाही. जिथं मरायची भीती नाही तिथं पाऊल जपून टाकायला कारणच उरत नाही, हे तिचं म्हणणं. दोघंही खरं बोलत होते. मी दोघांच्याही हातात राहिलोय, म्हणून सांगतो.

मग भाऊंचा वाढदिवस आला. भाऊ म्हणजे इथले युवा नेते. ते निम्म्या तालुक्याचे भाऊ आहेत, युवा किती ते विचारू नये. त्यांच्या कार्यकर्त्यानं, गुंडाप्पानं, स्पर्धा ठेवली. जोडीनं खेळायचं, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या. जिंकणारी जोडी पुण्याच्या स्पर्धेला जाणार होती. तिथं गेम बनवणारी एक कंपनी गेम तपासायला माणसं निवडणार होती. दिवसभर खेळायचं, चूक कुठं आहे ते सांगायचं आणि पगार घ्यायचा. मेहनाजला ती नोकरी हवी होती. इरशादनं घरी एवढंच सांगितलं होतं, "जिंकून जाशील तर मी स्वतः सोडाय येतो. नुसत्या हट्टावर न्हाय."

नाव द्यायच्या आधी तिनं दानियालला विचारलं, "खेळ कुठला? आर्केड असंल तर मी न्हाय."

"फ्लेक्सवर छापलंय की. 'खऱ्या युद्धाचा थरार, रिअलिझम मोड'."

"फ्लेक्सवर काय काय छापतेत, दानियालभाई."

"पंच फौजी काका हायेत," दानियाल म्हणाला. तेव्हा तिनं मैत्रिणीचं, आरोहीचं, आणि स्वतःचं नाव दिलं.

तो फ्लेक्स दुकानाच्या आत लावला. भाऊ हात जोडून, आणि खाली भाऊंचा पुतण्या श्रीनाथ मोबाईल कानाला लावून. माप एवढं अवाढव्य की मीटर, मेन स्विच, सगळं भाऊंच्या पोटामागं गेलं.

अंतिम सामना मेहनाज-आरोही विरुद्ध श्रीनाथ आणि त्याचा मित्र योगीराज. पडदा नीट दिसावा म्हणून शटर निम्मं खाली ओढलेलं, भाऊ पुढच्या खुर्चीत. पहिली फेरी पोरींनी सहज घेतली. श्रीनाथला धावायची सवय, आणि रिअलिझममध्ये धावणारा माणूस सगळ्यांना दिसतो. दुसऱ्या फेरीत त्यानं कहर केला. पुढं चाललेल्या योगीराजला पाठीत गोळी घातली.

"आरं, मी तुज्याच पार्टीतला हाय," योगीराज म्हणाला.

"मंग मधी कशाला येतो?"

मागच्या बाकावर हसू फुटलं. भाऊ हसले नाहीत, त्यांना ते ओळखीचं वाटलं असावं.

श्रीनाथ आता एकटा, एका विहिरीच्या आड. आरोही डावीकडून, मेहनाज उजवीकडून. मेहनाजचं बोट माझ्या चापावर इतकं हलकं होतं की मलाही ते जेमतेम जाणवत होतं. आणि लाईट गेली.

दुकानात एकच कालवा. थोड्या वेळानं लाईट आली. गेम पहिल्यापासून सुरू झाला, आणि पहिल्यापासून सुरू झाला की तो आर्केडवर येतो, त्याला तशीच खोड आहे.

मेहनाज म्हणाली, "रिअलिझमवर घ्या."

गुंडाप्पा म्हणाला, "ताई, टाईम न्हाय. भाऊंना तुळजापूरला जायाचंय. ही अर्धी फेरी सोडा, राहिल्याल्या दोन ह्याच्यावरच उरका."

हवालदार उठले. "आसं न्हाय चालायचं. मला सोताला हेच आवडतंय, पण ठरल्यालं ते..." वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि टाळ्या सुरू झाल्या. माणसाला गप्प करायला आपल्याकडं शालीइतकं मऊ हत्यार दुसरं नाही. ते नारळाकडं बघत उभे राहिले.

पुढच्या दोन फेऱ्या काय सांगू. श्रीनाथ उड्या मारत आला, गोळ्या खात आला, भिंतीमागं दम खाऊन पुन्हा आला. मेहनाजनं त्याला दोनदा टिपलं, दोन्ही वेळा तो बरा झाला. शेवटी तीही सगळं विसरून चाप दाबत सुटली, आणि ऐन वेळी माझा चाप आतच अडकला. तिची बंदूक आभाळात रिकामी झाली. फोटो निघाले, केक कापला, श्रीनाथ आणि योगीराजची नावं पुण्याला गेली.

तिनं मला टेबलावर हळूच ठेवलं. रिमोट खराब होता असं ती म्हणाली नाही. त्या एका वेळी खरंच होता.

आता मी खणात असतो, चापाला रबर बांधून. दानियाल गिऱ्हाइकांना सांगतो, "काय करणार, लाईट वरूनच गेल्ती." माझं आर्केडशी वाकडं नाही. हौस म्हणून उड्या माराव्यात, त्यात पाप काय? पण खऱ्याची पाटी लावून माणसाला बोलवायचं आणि तो जिंकायला लागला की त्याच्यासमोर न मरणारा गडी उभा करायचा, याला खेळ म्हणू नका. एवढीच माझी विनंती आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहनाज दळण घेऊन गिरणीवर आली. भिंत पातळ आहे, सगळं ऐकू आलं.

"मावशी, काल लाईट गेली तवा तुमचं बी दळण अडकलं आसंल."

"कवा गेली?" विठाबाई म्हणाल्या.

"चारला."

"न्हाय गं बाई. चारला तर मी फौजीच्या घरचं गहू दळत हुते. एका दमात दळून दिलं."

मेहनाज दळण तिथंच ठेवून दुकानात आली आणि काल लाईट नेमकी कशी गेली ते तिनं दानियालला विचारलं. दानियालनं काउंटर पुसायला घेतला.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्या अंधारात पडदा काळा होता, माझ्या मोटरी बंद होत्या, आणि तरीही तिच्या हातात मी हलत होतो. गिरणीला आणि आम्हाला वीज एकाच खांबावरून येते. आमचा मेन स्विच फ्लेक्सच्या मागं होता. त्या वेळी फ्लेक्सच्या मागं कोणाचा हात गेला, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.