मळा उभा करणारे

सॅन्टन आसामात चहाच्या कारखान्यात फिटर होता. तिकडे आंदोलन पेटलं, बाहेरच्यांना राहणं कठीण झालं, तेव्हा १९८० साली तो बायकोला घेऊन वसईजवळच्या आपल्या गावी, गिरीजला, परतला. बायको अँजेलिना तिथल्याच चहाच्या मळ्यात जन्मलेली. उरांव आदिवासी, पण कॅथलिक.

सासू मटिल्डा तिच्याशी धड बोलत नसे. सुनेचा रंग तिला खुपायचा. गावात मात्र सांगत सुटली होती, "आमची सून मळेवाल्यांची. तिच्या आजोबांनी चहाचा मळा उभा केला."

सॅन्टनच्या बहिणीला, फ्लॉसीला, बघायला नंदाखाल गावची माणसं आली. मटिल्डाने सुनेला आतच राहायला बजावलं होतं. पण मुलाचे काका मार्सेल चहा घेताना म्हणाले, "सुनेला बोलवा की. हा एवढा मोठा धंदा सुरू कसा झाला, ऐकू तरी."

अँजेलिना बाहेर आली. सासू डोळे वटारून बघत होती.

"खरंय, काका. मळा माझ्या आजोबांनीच उभा केला. रांचीकडे दुष्काळ होता. पोटभर भात मिळेल म्हणून दलालाने त्यांना नेलं, करारावर अंगठा घेतला. त्यांनी जंगल तोडलं, रोपं लावली. एकदा पळाले, तर साहेबाने धरून आणून झाडाला बांधलं आणि फटके मारले. माझी आई मला पाठीशी बांधून पानं खुडायची."

मार्सेलनी अर्धा कप तसाच खाली ठेवला. आठवड्याभरात नकार आला.

"मजुराची अवलाद! माझ्या पोरीचं वाटोळं केलंस," मटिल्डा ओरडली.

"खोटं तुम्ही सांगितलंत, आई. माझ्या माणसांच्या नावावर."

"आईची माफी माग," सॅन्टन म्हणाला.

"कशाची? आमच्या घरी जेवलास, तेव्हा तुला लाज वाटली नव्हती."

सॅन्टन उठून वाडीत निघून गेला.

फ्लॉसीने वहिनीचे कपडे दोरीवरून ओढून चिखलात फेकले. अँजेलिनाने ते धुतले, पुन्हा त्याच दोरीवर घातले. दुसऱ्या दिवशी तिने दारापुढच्या ओट्याच्या कोपऱ्यात वेगळी चूल मांडली. सॅन्टन जेवायला आईकडेच बसत राहिला.

रविवारी चर्चमध्ये मात्र सगळे एकाच बाकावर बसत. मटिल्डा फ्लॉसीला मध्ये बसवी, म्हणजे सुनेचा पदर आपल्याला लागायला नको.