वेन्डेलच्या तळघरातली ऊब

मफिनला मी वेन्डेलकडे ठेवलं, कारण अख्ख्या डलूथ शहरात माझा विश्वास होता तो त्याच्यावरच. मफिन म्हणजे माझी पाळलेली अजगरीण, करपलेल्या साखरेच्या रंगाची. आणि वेन्डेल म्हणजे मला साप पाळायला शिकवणारा माणूस. आमच्याकडे हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी सतत चालू असते आणि हवा कोरडी ठणठणीत होते. पहिल्या वर्षी मफिनची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, डोळ्यांवरची तर निघेचना. मी रडकुंडीला आले. तेव्हा वेन्डेल आला, काचपेटीच्या जाळीवर त्याने स्वयंपाकघरातली फॉइल पसरली, आत ओल्या शेवाळाचा डबा ठेवला आणि म्हणाला, "आयली, एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. ओल वाढवलीस तर ऊबही सांभाळ. गारठ्यात ओल दिलीस तर छाती भरेल तिची."

हे त्याचं वाक्य आहे, माझं नाही.

वेन्डेलच्या तळघरात भिंतभर खण आहेत आणि प्रत्येक खणात एक साप. तो पिल्लं काढतो आणि सापांच्या जत्रेत विकतो. मफिनच्या रंगावर त्याचा केव्हापासून डोळा होता. "एकदा माझ्या नरापाशी सोडू की तिला," तो म्हणायचा.

"नाही म्हणजे नाही. गेला अख्खा हिवाळा ती धड जेवली नाही. अंडी घालायची ताकद नाही तिच्यात."

"सासूसुद्धा सुनेवर एवढा पहारा ठेवत नाही गं!"

मी हसले होते. आता त्या हसण्याचाच राग येतो.

मुलीच्या बाळंतपणासाठी मला दूर टूसॉनला जावं लागलं, ते थेट जानेवारीअखेरपर्यंत. मफिनची काचपेटी मी दिव्यासकट त्याच्या तळघरात नेऊन ठेवली. तो रोज दुपारी तापमापकाचा फोटो पाठवायचा आणि खाली लिहायचा, "राणी मजेत." तिकडे नातीला मांडीवर घेऊन मी ते फोटो बघायचे. वाटायचं, असा मित्र मिळायला नशीब लागतं.

परत आल्यावर मफिनला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी बघते तर मान वर, तोंड अर्धवट उघडं, नाकाशी बुडबुडे, आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी. मी आधी फोन केला तो वेन्डेललाच. दुसरं कोण होतं मला?

"गाडीत गारठली असेल," तो म्हणाला.

"तुझ्याकडे ऊब कमी पडली होती का? खरं सांग."

"माझ्याकडे? अगं, रोज फोटो पाठवत होतो ना!"

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे श्वास ऐकले, पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. "छाती भरलीय," त्या म्हणाल्या. "वाचेल असं आत्ताच सांगत नाही. त्यात पोटात अंडी धरलीत, ते वेगळंच."

"शक्यच नाही. ही कधी नराजवळ गेलेलीच नाही."

म्हणता म्हणताच मला सगळं कळलं. साप जुळावेत म्हणून हे पैदासवाले हिवाळ्यात रात्रीची ऊब उतरवतात. वेन्डेलने तळघराची ऊब उतरवली होती, रात्री मफिनचा दिवाही बंद ठेवला होता. त्याचे खण कोरडे, त्याच्या सापांना काही झालं नाही. माझ्या पेटीत मात्र फॉइल आणि ओलं शेवाळ जसंच्या तसं. रात्रभर गार दमटपणात ती कुडकुडत होती आणि दुपारी दिवा लागला की हा फोटो काढत होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

मफिनला दवाखान्यातच ठेवून मी तशीच त्याच्या घरी गेले. त्याने माझ्यासाठी कॉफी ओतली.

"एकदाच सोडलं होतं," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून, "बरं, तीन-चारदा."

"मी नाही म्हटलं होतं."

"तू म्हटलं होतंस. तिने कुठे म्हटलं?" त्याला हे विनोदी वाटलं. "हे बघ, शेवाळ काढायचं राहिलं, तेवढी चूक झाली माझी. मान्य. पण अंडी फुकट घालवू नकोस. नर माझा, मादी तुझी, अंडी निम्मी-निम्मी. रीतच आहे ती."

रीत आहे, खोटं नाही. "ती रीत विचारण्यापासून सुरू होते, वेन्डेल," मी म्हटलं आणि कॉफी तशीच सोडून उठले. गाडीत बसल्यावर मात्र लहान पोरीसारखी रडले. परक्याने लुबाडलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. ह्याने केसाने गळा कापला होता.

नंतर इंजेक्शनं सुरू झाली. मी ऊब वाढवली, ओल जेमतेम ठेवली आणि कान लावून तिचे श्वास ऐकत बसायचे. वसंतात तिने सहा अंडी घातली आणि त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली. एकेक वळसा सोडवून मी ती काढून घेतली. उबवणीच्या यंत्रात ठेवता आली असती. मी ती फ्रीझरमध्ये ठेवली, आणि दोन दिवसांनी वेन्डेलला फोन केला, "अंडी झाली. तुझी निम्मी घेऊन जा."

तो उबदार खोका घेऊन धावतच आला. मी त्याच्या हातात डबा दिला. त्याला तो गार लागला.

"आयली! मेलीत ही!"

"तीन तुझी, तीन माझी. मोजून घे."

"तू माझ्याशी असं वागशील असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर कापत होता. माझ्या मित्राचा विश्वासघात झाला होता म्हणे. मफिनची पेटी त्याच्या पाठीशीच होती. आत ती हाडाची काडं होऊन, पण तोंड मिटून, शांत झोपली होती. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

"ती वाचली," मी म्हटलं. "तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते."