मोक्षद्वाराला गाळणी

जयंतच्या पित्ताशयातला खडा माशाने नेला, ही बातमी गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत लिफ्टच्याही आधी सगळ्या मजल्यांवर पोचली. जयंत हा माझ्या बायकोचा, कुमुदिनीचा, धाकटा भाऊ. आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि आतून टाळ्या ऐकू येत होत्या.

दिवाणखान्यात मधोमध काचेची पेटी होती. आत प्लॅस्टिकचं हिरवं झाड, पांढरे गोटे, निळा दिवा आणि पाणी. मासा नव्हता. नसलेला मासा बघायला एवढी गर्दी मी प्रथमच पाहत होतो. कुणी हात जोडत होतं, कुणी फोनवर रिकाम्या पाण्याचं चित्रण करत होतं.

"झोपताना होता हो!" जयंतची बायको नीला प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगत होती. "सकाळी पाहते तर नाही. मेलेला म्हणावा तर तसाही नाही. बिल्कुल गायब!"

"गायब नहीं, भाभीजी. मुक्त!" आचार्य सिद्धांत म्हणाले.

आचार्यांचा कुर्ता बदामी रंगाचा आणि घड्याळ परदेशी होतं. दिल्लीत वाढल्यामुळे त्यांच्या मराठीला हिंदीची आणि ऑफिसची सारखीच फोडणी असे. पेटी त्यांनी दिलेली, मासाही त्यांचाच.

"बघा, मासा काय करतो? तुमचं संकट डाउनलोड करतो. संकट मोठं असेल तर झिप करतो. आणि घेऊन जातो."

"पण शरीरासकट?" शेजारच्या रसिकाने विचारलं.

"बॉडी इथे राहिली तर संकट पण इथेच राहील ना, यार!"

"अच्छा!" सगळे एका आवाजात म्हणाले.

एवढ्यात जयंत माझ्याकडे आला. त्याच्या हातात कचोरी होती. महिन्यापूर्वी हाच माणूस पोट धरून फरशीवर लोळला होता. पित्ताशय काढायला हवं, पुढची कळ जिवावर बेतू शकते, असं डॉक्टरांनी बजावून गुरुवारची तारीख दिली होती.

"भावोजी, पोट कसं हलकं झालंय बघा! गुरुवारचं ऑपरेशन कॅन्सल!"

"कचोरी खाली ठेव," कुमुदिनी म्हणाली.

"ताई, खडाच गेला. आता कचोरी कुणाला टोचणार?"

आचार्यांनी बोट वर केलं. "जल्दी नको. अजून एक मासा सोडतो. तोही बुधवारी सकाळपर्यंत मुक्त झाला की काम सील. मग हॉस्पिटलला खुशाल नाही म्हणा. तोपर्यंत पेटीला हात लावायचा नाही. मागून शुद्धी मी करणार, खोली रिकामी करून."

मी तिथेच बोलायला हवं होतं. पण मी जन्मभर सरकारी ग्रंथालयात नोकरी केली. तिथल्या भिंतीवर 'शांतता पाळा' अशी पाटी होती, आणि ती वाचकांपेक्षा मीच जास्त मनावर घेतली.

दोन गोष्टी मला सलत होत्या. जयंतकडे आलेल्या निळ्या माशाची शेपटी एका बाजूने कुरतडलेली होती. तशीच शेपटी मी आधी रसिकाच्या पेटीत पाहिली होती. तो मासा रसिकाच्या सासूबाईंची गुडघेदुखी घेऊन मुक्त झाला होता. मुक्त झालेला मासा परत कसा आला? दुसरी गोष्ट म्हणजे पेटीतल्या झाडाचा एक तुटका तुकडा. मी बघत असताना तो तरंगत काळ्या मागच्या भिंतीपाशी गेला आणि एका वाटोळ्या भोकात शिरून दिसेनासा झाला. मी हळूच विचारलं तेव्हा आचार्य म्हणाले, "ते मोक्षद्वार."

घरी येऊन मी मत्स्यपालनाचं एक जुनं पुस्तक काढलं. अशा पेट्यांची मागची भिंत पोकळ असते. तिच्याआड पंप असतो. तो भोकातून पाणी ओढतो, गाळतो आणि परत सोडतो. पाण्याबरोबर लहान मासेही ओढले जातात, म्हणून त्या भोकाला जाळी किंवा स्पंज बसवावा, असं त्यात लिहिलं होतं.

"मग जयंताला सांगा ना!" कुमुदिनी म्हणाली.

"पुस्तक जुनं आहे गं. नव्या पेट्या वेगळ्या असतील. आणि कुरतडलेल्या शेपटीचे मासे काय, पुष्कळ असतील."

"सूर्य पूर्वेला उगवतो हेसुद्धा तुम्ही दोन पुस्तकांत बघून ठरवाल."

"तीन," मी म्हणालो.

ती हसली नाही. "ऑपरेशन टळलं आणि पुन्हा कळ आली तर माझा भाऊ जाईल हो." मग ती आत गेली आणि चहाची जुनी गाळणी घेऊन आली. "तोंडाने बोलता येत नसेल तर निदान ही त्या भोकाला लावून या. मासा जातोच कसा बघू!"

मंगळवारी संध्याकाळी मी जयंतकडे गेलो. तो फिरायला गेला होता. नवा मासा झाडाभोवती खुशीत फिरत होता. नीला स्वयंपाकघरात जाताच मी स्वेटरसकट हात पाण्यात घातला आणि गाळणी भोकावर धरली. पाण्याच्या ओढीने ती तिथे घट्ट बसली. तिची मूठ झाडाच्या पानांत लपली.

"भावोजी, बाही कशाने भिजली?" नीलाने ट्रे ठेवत विचारलं.

"चहा सांडला."

"चहा तर मी आत्ता आणतेय!"

मी दोन्ही कप एकापाठोपाठ पिऊन घरी पळालो.

बुधवारी सकाळी पुन्हा चपलांचा ढीग होता. पण या वेळी टाळ्या नव्हत्या. मासा पेटीत होता, आणि निर्लज्जपणे पोहत होता.

"बाप रे! रिजेक्ट!" आचार्यांनी कपाळाला हात लावला. "संकट इतकं हेवी आहे की मासा उचलायला तयार नाही. या घरात कुणीतरी शंका घेतलीय. आता पूर्ण कळप सोडावा लागेल."

नीला रडू लागली. जयंत मटकन खाली बसला. "मग उद्या ऑपरेशनला जाऊ?"

"भूलकर भी नहीं! अशा दशेत टेबलावर गेलात तर परत येणं मुश्किल."

मी जयंतला वाचवायला गाळणी लावली होती, आणि त्या गाळणीनेच त्याला हॉस्पिटलपासून आणखी दूर ढकललं होतं. कुमुदिनी माझ्याकडे बघत होती. मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"ती... ती गाळणी माझी आहे."

"कुठली गाळणी?"

"मोक्षद्वारातली. चहाची आहे. धुतलेली आहे."

कुणीतरी खुदकन हसलं. मी पुढे जाऊन गाळणी बाहेर काढली. पाणी ठिबकणारी ती गाळणी जयंतने माझ्या हातातून घेतली, एकदा तिच्याकडे आणि एकदा भोकाकडे पाहिलं.

जयंतने सगळी नोकरी मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, पंपांवर काढली होती. त्याने भोकासमोर तळहात धरला. हात चपकन ओढला गेला.

"सक्शन!" तो ओरडला. भीती कुठल्या कुठे पळाली. "उघडं सक्शन! तोंडाला जाळी नाही? अरे, एखाद्या ट्रेनीने असा पंप बसवला असता तर मी त्याला कंपनीच्या बसमध्ये चढू दिलं नसतं!"

"सर, मागचा कक्ष उघडू नका, दोष लागतो—"

"दोष तुझ्या फिटिंगमध्ये आहे!"

जयंतने मागच्या भिंतीआडचं झाकण उचललं आणि फोनचा दिवा आत धरला. अरुंद कप्प्यात कुरतडलेल्या शेपटीचा मासा गोल गोल फिरत होता. थोडा रोडावला होता, पण जिवंत होता. कप्प्याच्या टोकाला पंप होता, जाड स्पंजमध्ये नीट गुंडाळलेला. म्हणजे आचार्यांनी काळजी पंपाची घेतली होती, माशाची नव्हे.

रसिकाने वाकून पाहिलं आणि ती किंचाळली, "अय्या! हा तर आमच्या सासूबाईंचा गुडघा!"

त्यानंतर जे हसू सुटलं ते आवरेना. नीला रडता रडता हसत होती. "म्हणजे तो गुडघा आता आमचं पित्ताशय घेऊन पुढे कुणाकडे निघाला होता?"

"शुद्धीला खोली रिकामी का करायला लावत होतात, आचार्य?" रसिकाने विचारलं.

आचार्यांनी पिशवी छातीशी धरली. तिच्यातून मासे पकडायच्या जाळीची दांडी बाहेर डोकावत होती. "कुछ टेक्निकल इश्यू आहे," एवढंच म्हणून ते निघाले. घाईत पायांत एक चप्पल स्वतःची आणि एक रसिकाची घातली, आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याने उतरले.

हसू ओसरल्यावर जयंत हळूच म्हणाला, "मग माझा खडा?"

"आहे तिथेच आहे," कुमुदिनी म्हणाली.

"पण पोट हलकं वाटत होतं, ताई."

कुमुदिनीने माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला. "खड्याची कळ येते आणि आपोआप थांबते. ती थांबली म्हणून खडा जात नाही. डॉक्टरांनी तुला माझ्यासमोरच सांगितलं होतं. तू घाबरला होतास, म्हणून ऐकलं नाहीस."

"अजूनही घाबरलोय, भावोजी."

नीलाने त्याचा हात धरला. "मग घाबरतच चल."

गुरुवारी तो घाबरतच गेला. तो शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्याला छोट्या बाटलीत घालून खडे दिले. एक नव्हे, चांगले मूठभर. माशाचं वजन त्या सगळ्यांएवढंही नसेल. भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढे जयंत ती बाटली खुळखुळवून दाखवतो.

मला उपदेश करता येत नाही, आणि माझं चुकतही असेल. पण घरात माशांची पेटी असेल तर पंप जिथून पाणी ओढतो त्या तोंडाला बारीक जाळी किंवा स्पंज बसवा, आणि अधूनमधून तो धुवा. मासा नाहीसा झाला तर आधी पंपामागे शोधा. कुणी चमत्कार दाखवून 'तिथे बघू नका' म्हणालं, तर नेमकं तिथेच बघा. माझ्यासारखा आवाज फुटत नसेल तर शेजारच्याला बोलायला सांगा, पण विचारा. शंका घेतल्याने कुणाचं दुखणं वाढत नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवली तर मात्र वाढतं.