म्यानात हलणारी कट्यार

मित्रांनो, ही १९५१ सालची गोष्ट. तेव्हाही मी जुनीच होते. मी एक केरिस आहे, नागमोडी पात्याची कट्यार. बालीत, क्लुंगकुंगजवळच्या एका गुस्ती, म्हणजे सरदार, घराण्याच्या देवघरात मी राहते.

माझा जन्म मात्र जावा बेटावरचा. ज्या लोहाराने मला घडवले त्याचा चेहरा आठवत नाही. घण मारताना तो मंत्र पुटपुटायचा, तो आवाज तेवढा आठवतो. पुढे मला समुद्रापार आणले. बालीच्या कट्यारी मोठ्या, म्यानेही मोठी. त्यात मी किंचित हलते.

गुस्ती घराण्यातला पुरुष साध्या घरातली मुलगी करतो, तेव्हा लग्नात तो स्वतः बसत नाही, त्याची कट्यार बसते. जेरो सांदात अशीच साध्या घरातून या घरात आली, तेव्हा तिच्या शेजारी मी बसले होते. तिचा हात माझ्या मुठीला लागला होता. पुढे नवरा गेला. ती आणि तिचा लहानगा मुलगा अलित उरले. मला चंदनाचे तेल तीच लावी.

त्या वर्षी हत्यारांच्या पूजेला दीर तांगकेबानने मला कानाशी धरून हलवले.

"ऐकलंत? खुळखुळतेय. आमची कट्यार अशी नाचत नव्हती. जेरो, खरी कुठे विकलीस?"

"भावजी, माझं लग्न हिच्याशीच लागलंय. नवऱ्याला ओळखणार नाही का मी?"

बायका हसल्या. तो हसला नाही. "चोरी ठरली, तर पोराला घेऊन माहेरी जायचं."

पांडे, म्हणजे लोहार कुळातल्या, केरुगला बोलावले. त्याने मला उपसले, नखाने टिचकी मारली, नाद ऐकला.

"जन्म जावाचाच."

"बघा! बाहेरची आहे, आमची नव्हे!" तांगकेबान म्हणाला.

"थांबा गुस्ती. जावात कट्यारींना दरवर्षी लिंबाच्या रसाने आणि सोमलाने न्हाऊ घालतात. पिढ्या गेल्या की धार करवतीसारखी खाल्ली जाते. हिची धार शाबूत आहे, अंग गुळगुळीत आहे. हे घासणं आपल्याकडचं. ही कोवळ्या वयातच इकडे आलीय." मग त्याने म्यान उजेडाकडे धरले. "तोंडाशी ही खाच दिसते? हिच्याच पात्याच्या बुडाने पडलीय, पार गुळगुळीत होईपर्यंत. एवढी झीज कालपरवाची नाही."

"मग खुळखुळते कशी?"

"तुमच्या आजोबांच्या कमरेलाही खुळखुळत असणार. तुम्ही आज हलवून पाहिलीत."

तांगकेबानने मला म्यानात सरकवले. मग त्याने मला दोन्ही हातांनी जेरोच्या ओंजळीत ठेवले.

पुढे तो देनपसारला गेला आणि तिथेच वारला. केरुगची नजर गेली, तरी लोक त्याच्याकडे कट्यारी नेत. तो टिचकी मारून कुठली ते सांगे. जेरो सांदात नातवंडे पाहून गेली. अलित शाळामास्तर झाला.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली, तर ती कुठे जन्मली एवढेच विचारून थांबू नका. ती कोणाच्या हातांत झिजली, तेही पाहा. आणि तिला कोरडी ठेवू नका. मला आता अलितची बायको तेल लावते. तिचा हात जरा जड आहे.