थोरलीला हाकलताना

ब्रह्मदेशात इरावदीच्या काठावर थेन तानइतका बडबड्या माणूस दुसरा नाही, असं त्याची बायकोच सांगायची. पण करंटवाल्यांनी थोरलीच्या भावाला मारलं, त्या दिवसापासून त्याची दातखीळ बसली होती.

"अहो, दोन घास खा तरी. मी अजून जिवंत आहे म्हटलं!" त्याची बायको मा म्या बोलून गेली आणि ओशाळली. गावात सगळे थोरलीला तिची सवत म्हणायचे, आणि त्यात ती स्वतः सगळ्यांच्या पुढे.

थोरली म्हणजे पाठीवरच्या पंखाला खांड पडलेली डॉल्फिन. तिची आई थेन तानच्या बापाबरोबर मासे धरायची. नावेच्या कडेवर लाकडी खुंटी ठकठक वाजवून डॉल्फिनना हाक मारायची आणि मग वल्हं पाण्यावर आपटायचं, म्हणजे 'आण'. डॉल्फिन मासे वळून आणणार, शेपूट वर काढून 'टाक' म्हणणार, आणि नाववाला जाळं टाकणार. निसटतील ते मासे तिचे. डॉल्फिन जपणाऱ्या कचेरीने थेन तानला नोकरीवर घेतलं ते याच विद्येसाठी. हा प्राणी आपला भागीदार आहे, त्याला जपा, हे गावोगाव पटवण्यात त्याची सगळी उमर गेली. लोकांनी जपलंही.

पाण्यात करंट सोडून चोरून मासे मारणारे हे करंटवाले मात्र कुणाचं ऐकणारे नव्हते. त्यांनीही खुंटी वाजवली. थोरलीचा भाऊ बिचारा इमानदारीत मासे घेऊन आला. त्यांनी पाण्यात वीज सोडली आणि माशांबरोबर तोही मेला.

कचेरीतली सांदा धक्क्यावरच्या चहाच्या दुकानात त्याच्यासमोर येऊन बसली. पोरगी त्याच्याच हाताखाली शिकून साहेब झालेली.

"काका, गस्त वाढेल तेव्हा वाढेल. तोवर थोरली आणि तिचं पिल्लू जगलं पाहिजे. तिने नावेजवळ येणंच सोडायला हवं."

"मग सांग की तिला. माझं कुठे ऐकते ती?"

"तुमचंच ऐकते. म्हणून तर आले."

थेन तानला कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. "त्या टुनला सांग. रोज पिऊन बायकोला बडवतो, हात बसलाय त्याचा."

"टुनने मारलं तर ती टुनला घाबरेल, काका. तुम्ही मारलंत तर सगळ्यांनाच घाबरेल."

दुपारी दोघं नाव घेऊन निघाली. त्याने खुंटी वाजवली. थोरली आलीच, पिल्लाला कडेला घेऊन, फुसकन श्वास सोडत. थेन तान उठला आणि सगळा जोर लावून पाण्यावर वल्हं आपटू लागला. "चालती हो! तोंड दाखवू नकोस पुन्हा!"

ती वळली, खोल गेली. सांदाने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात पलीकडचं पाणी थरथरलं. मासे येत होते, थवेच्या थवे. त्याने वल्हं आपटलं होतं ना? मग ती आणत होती. नावेशी येऊन तिने शेपूट वर काढलं. टाक.

"जाळंच नाही आणलं गं मी," तो पुटपुटला.

ती वाट पाहत राहिली. मग अगदी जवळ आली आणि डोकं वर काढून त्याच्याकडे बघू लागली. थेन तानने वल्हं उचललं आणि तिच्या पाठीत घातलं.

ती बुडाली. बराच वेळ दिसली नाही. आणि मग मोठा वळसा घालून पुन्हा आली, आधीपेक्षा जास्त मासे घेऊन. बिचारीला वाटलं असावं, कमी आणले म्हणून रागावला. नावेला खेटून तिने परत शेपूट दाखवलं.

"काका, पुरे," सांदा म्हणाली. "बास करा. नाही बघवत."

"पुरे कसं? आत्ता थांबलो तर पहिला मार फुकट गेला." त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ही माझं सगळं सोसेल, पोरी. मी ओळखतो तिला."

मग त्याने वल्हं पिल्लाला मारलं. फार जोरात नाही, पण लागेल एवढं.

थोरली नाव आणि पिल्लू यांच्या मधे घुसली, नाव हिंदकळली. तिने पिल्लाला पुढे घातलं आणि निघाली, आणि मासे चहूकडे पांगले.

थोड्या वेळाने सांदा हळूच म्हणाली, "एकदा बोलावून बघायला हवं, काका. खात्री व्हायला."

त्याने खुंटी हातात घेतली. वाजवली. थांबून पुन्हा वाजवली, बापाने शिकवली होती तशी, लाडाने. येऊ नकोस, येऊ नकोस, असं मनात म्हणत होता आणि डोळे मात्र पाण्यावर तिलाच शोधत होते.

ती आली नाही.

"झालं आपलं काम," तो म्हणाला आणि नावेच्या तळाशी बसून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. सांदाने वल्हं घेतलं आणि नाव काठाकडे वळवली.